‘आजच सही करा, आई’

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. दवाखान्यात ७४ वर्षांच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. गेली अकरा वर्षे त्यांचा रक्तदाब मी पाहते आहे. रोजच्या एका गोळीवर तो १३०-८० च्या आसपास असतो. त्या दिवशी तो १८४-९८ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, दुसऱ्या हातावर मोजला, तरी फारसा फरक पडला नाही. मग आम्हा डॉक्टरांची नेहमीची प्रश्नावली सुरू झाली. गोळी चुकली का? लोणच्या-पापडाचे प्रमाण वाढले का? गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेतल्या का? सगळ्याला उत्तर ‘नाही’. झोपेचे विचारले तेव्हा बाई क्षणभर थांबल्या. ‘तीन रात्री डोळ्याला डोळा नाही,’ असे म्हणून त्यांनी पिशवीतून, चष्म्याच्या डबीखालून, चार घड्या घातलेला एक कागद काढला. ‘डॉक्टर, हे जरा वाचता का? मला वाटते, मी मूर्खपणा केला आहे.’

तो गच्चीच्या व भिंतींच्या वॉटरप्रूफिंगचा करार होता. रक्कम १,८५,००० रुपये, दहा वर्षांची हमी, ४०,००० रुपयांचा आगाऊ धनादेश. ठेकेदाराचा पत्ता म्हणून एक मोबाइल क्रमांक तेवढा छापला होता. कोणते साहित्य वापरणार, किती चौरस फूट काम, किती थर, याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता. बाईंची सही मात्र तीन ठिकाणी होती, शाळेच्या दाखल्यांवर त्या करीत तशीच, वळणदार.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात गळक्या गच्चीचे काय काम, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दर वर्षी एप्रिलच्या अखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात असे दोन-तीन तरी रुग्ण येतात. कुणाचा रक्तदाब चढलेला, कुणाची साखर बिघडलेली, कुणाच्या छातीत धडधड. मुळाशी जाऊन विचारले, की घरात कुणीतरी येऊन गेलेले असते. कधी वॉटरप्रूफिंगवाला, कधी वाळवीवाला, कधी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवणारा, कधी खिडक्या बदलून देणारा. मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, घर स्वतःच्या मालकीचे, इमारत पंचवीस-तीस वर्षांची आणि दुपारी दार उघडणारी व्यक्ती सत्तरीच्या पुढची. पुण्याच्या या भागात अशी घरे शोधण्यासाठी फार हिंडावे लागत नाही.

बाईंच्या घरी काय घडले ते थोडे तपशिलाने सांगते, कारण त्या तपशिलातच सगळी युक्ती आहे. दुपारी साडेबारा वाजता दोन तरुण आले. नीटनेटके कपडे, गळ्यात ओळखपत्र. चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला, ‘आई’ म्हणाले. शेजारच्या इमारतीत आमचे काम चालू आहे, तेथून तुमच्या भिंतीवरची ओल दिसली, म्हणून आलो, तपासणी मोफत आहे, असे सांगितले. भिंतीवर ओल खरोखरच होती. पोपडे निघाले होते, एका कोपऱ्यात लोणा लागला होता. त्यामुळे त्यांचे पहिले वाक्य खरे ठरले आणि पुढच्या सगळ्या वाक्यांना त्याचा आधार मिळाला.

मग एका तरुणाने लहानसे यंत्र भिंतीला लावले. ते पीं-पीं वाजू लागले. दुसऱ्याने हातोडीने गिलावा ठोकून पोकळ आवाज ऐकवला. मोबाइलवर कुठल्यातरी कोसळलेल्या स्लॅबचे छायाचित्र दाखवले. ‘आई, आम्ही तुम्हाला घाबरवत नाही,’ असे म्हणत त्यांनी तेच काम पाऊण तास केले. या बुरशीमुळे दमा होतो, हेही सांगितले. रक्कम सांगितली ३,१०,०००. बाई ‘नको’ म्हणाल्या, तेव्हा ‘साहेबां’ना फोन लावला गेला. साहेबांनी म्हणे खास निवृत्त शिक्षकांसाठी सवलत दिली. पण ती आजच्यापुरती, कारण कामगारांची टोळी उद्या दुसरीकडे जाणार होती आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. बाईंनी मुलाला विचारते म्हटले. ‘अमेरिकेत आत्ता मध्यरात्र असेल, आई. झोपेतून उठवून काळजीत कशाला टाकता?’ साडेतीन वाजले. बाईंचे जेवण झाले नव्हते. दुपारी आडवे होण्याची वेळ टळून गेली होती. समोरची मुले सरबत पिऊन निवांत बसली होती. ‘त्यांनी जावे, एवढ्यासाठी मी सही केली,’ असे बाई मला म्हणाल्या.

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा आठवले आहे. चाळीस वर्षे शाळेत ज्यांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होत असे, त्या बाईंनी पाहुण्यांनी उठावे म्हणून पावणेदोन-दोन लाखांवर सही केली. याला मूर्खपणा म्हणणे मला मान्य नाही. आपल्या पिढ्यांना दारी आलेल्या माणसाला पाणी विचारायला शिकवले आहे, ‘आता निघा’ म्हणायला शिकवलेले नाही. हे लोक नेमके त्याच संस्कारावर आपला धंदा उभा करतात.

शरीराच्या बाजूने पाहिले, तर त्या तीन तासांत बरेच काही घडत असते. भीती दाखवली गेली, की ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो. हे सर्व पळून जाण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी उपयोगाचे आहे, करार वाचण्यासाठी नव्हे. अशा अवस्थेत माणूस बारकावे तपासत नाही, समोरचे संकट चटकन टळेल असा मार्ग शोधतो. आणि त्या खोलीत तो मार्ग एकच ठेवलेला असतो, तो म्हणजे सही. त्यात उपाशी पोटाची भर. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण दोन-तीन तास लांबले, तर रक्तातील साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर ही लक्षणे सर्वांना ठाऊक असतात. परंतु वृद्धांमध्ये कित्येकदा केवळ गोंधळल्यासारखे होणे, चिडचिड किंवा ‘जे म्हणाल ते करा’ अशी शरणागती एवढेच दिसते. माझ्या एका ८१ वर्षांच्या रुग्णाने अशाच अवस्थेत सोफ्याच्या नव्या गाद्यांची ऑर्डर दिली होती आणि संध्याकाळी त्यांना ते धड आठवतही नव्हते.

ऐकू कमी येणे ही आणखी एक बाजू. कानाचे यंत्र कपाटात आणि समोरचा माणूस भरभर बोलणारा. न ऐकलेल्या वाक्याला मान डोलावणे ही बहिऱ्या माणसाची सभ्यता असते, विक्रेता मात्र तिला होकार समजतो. झोपेच्या गोळीची सुस्ती सकाळभर रेंगाळते. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला किंवा शरीरातील सोडियम उतरले, तर एरवी तल्लख असणारी व्यक्तीही दोन-चार दिवस भांबावलेली राहू शकते. आणि जोडीदार नुकता गेलेला असेल, तर घरातल्या शांततेत कुणीतरी येऊन तासभर बोलत बसते, हेच मोठे वाटते. म्हणून घरच्यांना माझे सांगणे आहे: आजारपणानंतरचे दोन-तीन आठवडे, गोळ्या बदलल्यानंतरचे दिवस आणि घरात मृत्यू झाल्यानंतरचे पहिले वर्ष, या काळात घरदुरुस्तीचा कोणताही निर्णय वडीलधाऱ्यांच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नये.

आता त्या यंत्रांविषयी. भिंतीला लावायचे ओल मोजण्याचे यंत्र खोटे नसते. त्याच्या दोन टोकांमधून वीज किती सहज वाहते यावरून ते ओलीचा अंदाज देते. मात्र गिलाव्यात क्षार साठले असतील किंवा आत लोखंडी नळी असेल, तरीही ते वाजते. लोणा लागलेल्या भिंतीवर ते वाजणारच. गिलाव्याचा पोकळ आवाज बहुधा एवढेच सांगतो, की गिलावा विटांपासून सुटला आहे. तो दुरुस्त करावा लागतो, पण त्याचा अर्थ इमारत पडायला आली असा होत नाही. छताच्या स्लॅबमधून काँक्रीटचे तुकडे पडू लागले, गंजलेली सळई उघडी दिसू लागली, तर ती गोष्ट निश्चितच गंभीर आहे. अशा वेळी पात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. रसायनाचा डबा विकणाऱ्याने त्याचे निदान करू नये. औषध विकणाराच रोग ठरवू लागला, तर काय होते, हे आम्हा डॉक्टरांहून अधिक कुणाला ठाऊक असणार?

या खेळाचा एक जुना भाऊबंद पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे आहे. काही वर्षांपूर्वी खुद्द माझ्या दवाखान्यात एकाने तो करून दाखवला. दोन पेले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ झाले आणि त्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले. प्रतीक्षेत बसलेले सहा रुग्ण आवाक् झाले. वस्तुतः तो गाळ पाण्यात नव्हताच. नळाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षार असतात, त्यांच्यामुळे त्यातून वीज वाहते आणि कांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. मी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले आणि पुन्हा वीज सोडायला सांगितले. तेही पाणी तपकिरी झाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या पेनसारख्या मीटरवर आमच्या नळाचे पाणी त्याच्या कितीतरी खाली होते. ही आकडेवारी त्याने सांगितली नाही, हे वेगळे सांगायला नको.

बुरशी आणि दमा यांचे मात्र थोडे खरे आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ओलसर, बुरशी धरलेल्या खोलीत राहिल्याने ज्यांना मुळात दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांचा त्रास वाढू शकतो. सर्दी रेंगाळते, खोकला वाढतो. परंतु त्यासाठी सही करण्याची घाई कशाला? पलंग त्या भिंतीपासून दूर घ्यावा, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत झोपावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, इनहेलर नियमित घ्यावा आणि ओल कुठून येते ते स्वस्थपणे शोधावे. ओलीमुळे दम्याचा त्रास वाढायचा, तर तो आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. चार दिवसांच्या विलंबाने कुणी दगावत नाही.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गच्ची ही संस्थेची सामाईक मालमत्ता आहे. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे आणि खर्चही तिचाच. सदनिकेच्या आतली गळती, म्हणजे न्हाणीघर, मोरी, बेसिन यांतून खालच्या घरात उतरणारे पाणी, तेवढे संबंधित सभासदांनी पाहायचे असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाई सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात म्हणून गच्चीच्या कामाचा करार त्यांनी एकट्याने करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. संस्थेच्या सचिवांना एक फोन केला असता, तर त्या तरुणांना जिन्यातूनच परत जावे लागले असते.

तो फोन करू दिला जात नाही, ही खरी गोम आहे. म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवावा, दाराशी माणूस उभा नसताना. मी माझ्या रुग्णांना एक वाक्य कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवायला सांगते: ‘आमच्या घरात पाच हजारांवरचा खर्च मुलांना विचारल्याशिवाय आणि दोन रात्री गेल्याशिवाय ठरत नाही. कागद ठेवून जा.’ पाच हजारांच्या जागी आपणांस योग्य वाटेल तो आकडा घालावा. यात महत्त्वाचे हे, की ते कारण नाही, तो नियम आहे. कारण दिले, की विक्रेत्याकडे त्याचे उत्तर तयार असते. पैसे नाहीत म्हटले तर तो हप्ते सांगेल, मुलाला विचारते म्हटले तर मध्यरात्र सांगेल, विचार करते म्हटले तर सवलत संपेल म्हणेल. नियमाशी वाद घालता येत नाही. वाक्य एकदा म्हणावे, दुसऱ्यांदा तेच म्हणावे, तिसऱ्यांदाही तेच. नवे शब्द शोधू नयेत. आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहावे. सुरुवातीला जीभ अडखळते. एका आजोबांनी ते नातवाबरोबर नाटक करून पाठ केले, नातू विक्रेता झाला होता आणि त्याने म्हणे आजोबांना फारच सतावले.

दाराला साखळी असावी आणि बोलणे साखळीच्या आडूनच व्हावे. एकदा माणूस आत येऊन बसला, की त्याला उठवणे दसपट अवघड. चुकून आत आलाच, तर आपण उभे राहावे. ‘माझी औषधाची वेळ झाली, तुम्ही निघा’ हे वाक्य अगदी निःसंकोच वापरावे. डॉक्टर म्हणून माझी त्याला परवानगी आहे. वेळ झालेली नसली तरी. शेजाऱ्यांशी ठरवून ठेवावे, की मिस्ड कॉल आला तर त्यांनी येऊन घंटा वाजवायची. घरात दुसरा माणूस आला, की या लोकांचा सूर कसा बदलतो, हे पाहण्यासारखे असते.

आणि जो ठेकेदार प्रामाणिक आहे त्याला दोन रात्रींनी काही बिघडत नाही. तो लेखी अंदाजपत्रक देतो, त्यात चौरस फुटाचा दर असतो, साहित्याचे नाव असते, काम किती टप्प्यांत व पैसे किती टप्प्यांत ते असते. गच्चीच्या कामानंतर पाणी कोंडून एक-दोन दिवस तपासण्याची अट तो स्वतःच घालतो. गेल्या वर्षी केलेल्या एखाद्या कामाचा पत्ता देतो. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव जुळते का ते पाहून घ्यावे. महाराष्ट्रात नोंदणी झालेला क्रमांक २७ ने सुरू होतो. हे काम नातवंडांना सांगावे, ती दोन मिनिटांत करतात.

सही होऊन गेली असेल तर? अमेरिकेत दाराशी येऊन केलेल्या बऱ्याचशा विक्रीत ग्राहकाला तीन कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करण्याची मुभा असते. बाईंच्या मुलाने तिकडून हेच सांगितले, ‘आई, तीन दिवसांत कळव, रद्द होईल.’ आपल्याकडे घरदुरुस्तीच्या करारांना अशी सरसकट मुदत नाही. तरीही हातपाय गाळण्याचे कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मध्ये अवाजवी प्रभावाची व्याख्या आहे आणि वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक क्लेश यांमुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, त्याच्याशी केलेल्या कराराचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. असा प्रभाव टाकून घेतलेली संमती असेल, तर करार रद्द करून मागता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ फसव्या दाव्यांना आणि अनुचित व्यापारी प्रथांना आळा घालतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. त्याआधीची सोपी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. ओटीपी घेऊन खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करावा, तेथे खरोखरच मिनिटांना किंमत आहे.

सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे लिहिणे. ‘मी हा करार रद्द करीत आहे, काम सुरू करू नये, माझा धनादेश परत करावा’ अशा तीन ओळी तारीख घालून संदेशाने आणि पत्ता असेल तर नोंदणीकृत टपालाने पाठवाव्यात. धनादेश वटलेला नसेल, तर बँकेत जाऊन पैसे रोखण्याची सूचना द्यावी. हे पत्र आधी पाठवलेले असले, म्हणजे पुढे ‘धनादेश परत गेला’ म्हणून नोटीस आलीच, तर वकिलाला दाखवायला हाती कागद राहतो. मोबाइलवरून तिथल्या तिथे कर्ज मंजूर करून हप्ते बांधून दिले असतील, तर त्या कर्जाचा कागद उघडून पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जांना विचार बदलण्याची मुदत ठेवावी लागते. त्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाविना बाहेर पडता येते. मुदत किती, ते त्या कागदातच लिहिलेले असते.

बाईंच्या सुदैवाने त्यांचा धनादेश १ जूनच्या तारखेचा होता, निवृत्तिवेतन जमा झाल्यावर वटावा म्हणून. त्या रात्रीच तीन ओळी लिहून झाल्या, सकाळी बँक झाली. त्यांच्या खालच्या मजल्यावर सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता राहतात. त्यांना बाईंनी इतके दिवस काही सांगितलेच नव्हते, कारण लाज वाटत होती.

या लाजेविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे आणि ते माझ्या स्वतःच्या घरातले आहे.

नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, माझ्या वडिलांनी अशाच एका माणसाशी स्वयंपाकघर नवे करून घेण्याचा करार केला. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. एक लाख रुपये आगाऊ दिले. कामगारांनी तीन दिवसांत जुना ओटा फोडला, टाइल्स काढल्या आणि ते पुन्हा आले नाहीत. मला कळले तेव्हा मी दवाखाना बंद करून रात्री तेथे गेले आणि त्या विटा-मातीच्या ढिगाशेजारी उभी राहून वडिलांना खूप बोलले. ‘बाबा, तुम्ही एवढे शिकलेले. मला एक फोन करता आला नाही? मी काय परगावी राहते?’ ते काही बोलले नाहीत. पुढे ओटा मी नवा करून दिला, पैसे बुडाले ते बुडाले. मला वाटले, विषय संपला.

संपला नव्हता. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले आणि आठ दिवस त्यांनी ते मला सांगितले नाही. रक्त पातळ करणारी गोळी त्यांना चालू होती. मी सहज म्हणून गेले, तर मांडीपासून कमरेपर्यंत सगळे काळेनिळे झालेले, आणि हिमोग्लोबिन तीन अंकांनी उतरलेले. मी विचारले, ‘का नाही सांगितलेत?’ तर म्हणाले, ‘तू रागावशील म्हणून.’ एक लाख रुपयांसाठी मी जे बोलले, त्याची किंमत अशी वसूल झाली होती. बाबा त्यातून बरे झाले. पुढे पाच वर्षे होते. पण त्या आठ दिवसांचा हिशेब माझ्याकडून अजून लागत नाही. तीस वर्षे रुग्णांना न रागावता ऐकून घेण्याचा सराव असलेली मी, घरी मात्र तो सराव विसरले होते.

म्हणून मुलांना, सुनांना, जावयांना सांगते: असा कागद समोर आला, की पहिले वाक्य जपून उच्चारा. ‘बरे झाले सांगितलेत’ एवढे पुरे. पुढचे सगळे, ठेकेदाराचा क्रमांक, बँक, तक्रार, त्यानंतर. ज्यांना एकदा बोलणी खावी लागली ती माणसे दुसऱ्या वेळी लपवतात आणि एकदा फसलेल्या घरी दुसऱ्यांदा माणसे येतात, हा माझा अनुभव आहे. ‘यापुढे सही तुम्ही करायचीच नाही’ हेही म्हणू नये. बँकेचे पुस्तक काढून घेतलेली माणसे लवकर खचतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यापेक्षा मोठ्या रकमेची ठेव दोघांच्या सहीने निघेल अशी व्यवस्था संमतीने करावी आणि रोजच्या खर्चाचे खाते त्यांच्याच हाती राहू द्यावे.

मात्र एका प्रसंगी डॉक्टरांकडे जरूर जावे. पूर्वी पै-पैचा हिशेब ठेवणारी व्यक्ती वर्षभरात दोन-तीनदा अशी फसली, त्याच त्या वस्तू पुन्हा मागवू लागली, वीजबिले भरायची राहू लागली किंवा दोनदा भरली जाऊ लागली, काय सही केली हे विचारता आठवेना झाले, तर तो स्वभावाचा दोष समजू नये. पैशांच्या व्यवहारातली चूक हे स्मृतिभ्रंशाचे फार लवकर दिसणारे चिन्ह असू शकते, नावे विसरण्याच्याही आधी. थायरॉइड, बी-१२, सोडियम, नैराश्य, कानाची तपासणी, चालू असलेल्या गोळ्यांची उजळणी, हे सगळे पाहावे लागते. आणि यांतल्या पुष्कळ गोष्टी सुधारता येतात. अशा व्यक्तीला रागावण्यात दवडलेला प्रत्येक महिना उपचारातून वजा होतो.

मुख्याध्यापिकाबाईंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ठेकेदाराचे दोन-तीन फोन आले, एक जरा दमदाटीचा. तो खालच्या मजल्यावरच्या अभियंत्यांनी घेतला आणि आदर्श उपविधी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुन्हा फोन आला नाही. त्यांनीच सचिवांना घेऊन गच्ची पाहिली. पावसाचे पाणी वाहून नेणारा पाइप पालापाचोळ्याने तुंबला होता आणि कठड्याच्या सांध्याला भेग गेली होती. संस्थेने ११,००० रुपयांत दोन्ही कामे करून घेतली. जूनअखेरीस बाईंचा रक्तदाब १३४-८० होता, त्याच एका गोळीवर.

दिवाळीच्या सुमारास त्या पुन्हा आल्या तेव्हा खुशीत होत्या. पाण्याचा फिल्टर विकणारा एक मुलगा आला होता. साखळीच्या आडून त्यांनी दारावरचा कागद त्याला तीन वेळा वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी तो हसला आणि जायला निघाला. ऊन फार होते, त्याने जाता जाता पाणी मागितले. ‘ते दिले मी,’ बाई म्हणाल्या, ‘आमच्या नळाचेच दिले.’